अतिनील किरण शोषणारं फिनॉलिक रेझिन: निवडीपासून चाचणीपर्यंत

रंग, लेप, चिकटद्रव्यं किंवा प्लास्टिकच्या कामात नव्याने आलेल्या माणसासमोर 'फिनॉलिक' असा शिक्का असलेला निदान चार प्रकारचा माल येतो, आणि चारही प्रकार उन्हापासून वाचवत असतील असा त्याचा समज होतो. पहिला प्रकार म्हणजे साधं फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिन, बेकलाइटच्या घराण्यातलं. दुसरा म्हणजे बीएचटीसारखे अँटिऑक्सिडंट. ते मुक्त मूलकांना, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या आणि लगेच अभिक्रिया करणाऱ्या तुकड्यांना, पकडतात; प्रकाश अडवणं हे त्यांचं काम नाही. तिसरा प्रकार हायड्रॉक्सीबेंझोफिनोन किंवा बेंझोट्रायझोल गटातल्या सुट्या, लहान रेणूंचा. हे खरोखर अतिनील किरण शोषतात. चौथ्या प्रकारात हाच शोषक गट रेझिनच्या साखळीत पक्का बांधलेला असतो. हा लेख चौथ्या प्रकाराबद्दल आहे. पण उरलेले तीन ओळखता येत नसतील तर चौथा नीट वापरता येत नाही, म्हणून त्यांचाही उल्लेख जागोजागी येईल.

तुम्ही रेझिन तयार विकत घेणार आहात, ते एखाद्या लेपात मिसळणार आहात आणि तुमच्या आवाक्यात एक यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) आहे, असं मी धरून चाललो आहे.

पायरी १: हायड्रॉक्सिलचा शेजारी कोण, ते बघा

फिनॉल म्हणजे बेंझिनच्या वलयावर बसलेला हायड्रॉक्सिल गट. एवढ्याने प्रकाश शोषला जातो खरा, पण नको त्या ठिकाणी. साध्या फिनॉलचं शोषण २७० नॅनोमीटरच्या आसपास शिखरावर असतं आणि ३०० च्या पुढे जवळजवळ संपतं. जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश मात्र सुरूच होतो २९० ते २९५ नॅनोमीटरपासून, कारण त्याखालचा भाग वातावरणातला ओझोन गिळतो. म्हणजे साधं फिनॉलिक रेझिन जो भाग उत्तम अडवतं, तो मुळात आपल्यापर्यंत येतच नाही. आणि जो थोडा प्रकाश ते शोषतं त्याची ऊर्जा निरुपद्रवी मार्गाने बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे नसते. मूलकं तयार होतात, ऑक्सिजन त्यांना येऊन मिळतो आणि क्विनोनसारख्या रंगीत रचना उभ्या राहतात. साध्या फिनॉलिक रेझिनचा पृष्ठभाग उन्हात तांबूस-तपकिरी होत जातो तो यामुळे.

खऱ्या शोषकात फरक असतो तो एका जागेचा. हायड्रॉक्सिलच्या अगदी लगतच्या कार्बनवर, म्हणजे ऑर्थो स्थानी, कार्बोनिल गट असतो किंवा बेंझोट्रायझोल वा ट्रायझिनचं नायट्रोजनयुक्त वलय असतं. हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन या शेजाऱ्याकडे ओढला जातो आणि रेणूच्या आतल्या आत हायड्रोजन बंध तयार होतो. फोटॉन शोषला गेला की प्रोटॉन ऑक्सिजनला सोडून शेजाऱ्याकडे उडी मारतो, तीही एका पिकोसेकंदाहून कमी वेळात. त्या बदललेल्या रूपातून रेणू आपली ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतो, प्रोटॉन मूळ जागी परततो आणि रेणू पुढचा फोटॉन घ्यायला मोकळा होतो. हे चक्र न मोडता पुन्हा पुन्हा चालतं म्हणूनच थोडासा शोषक पुष्कळ काळ पुरतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका बंधाभोवती फिरतात. तो किती महत्त्वाचा आहे हे कळण्यासाठी त्याच्याशिवायचा रेणू बघा. हायड्रॉक्सिल नसलेलं साधं बेंझोफिनोन हे अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या शायांमध्ये अभिक्रिया सुरू करण्यासाठी घालतात. प्रकाश मिळताच ते शेजारच्या रेणूंचे हायड्रोजन हिसकावून घेतं. एका योग्य जागच्या हायड्रॉक्सिलने तोच सांगाडा रक्षक होतो, आणि तो बंध तुटला की पुन्हा उपद्रवी होऊ शकतो.

म्हणून पुरवठादाराच्या तांत्रिक पत्रकात रासायनिक नाव किंवा रचनासूत्र शोधा. नावात '२-हायड्रॉक्सी' हवं. '२,४-डायहायड्रॉक्सी' असेल तर उत्तमच, त्यामागचं कारण पुढे येईल. '४-हायड्रॉक्सीबेंझोफिनोन' मात्र चालत नाही. तिथे हायड्रॉक्सिल वलयाच्या पलीकडच्या टोकाला असतो, कार्बोनिलपर्यंत त्याचा हात पोचत नाही. पत्रकात फक्त 'सुधारित फिनॉलिक' किंवा 'प्रकाशस्थिर फिनॉलिक' इतकंच लिहिलं असेल तर शोषण-आलेख मागवा. आलेख देता येत नसेल तर माझ्या मते तो माल या कामासाठी घेऊ नये.

पायरी २: कोणता पट्टा अडवायचा ते आधी ठरवा

अतिनीलचे सोयीसाठी तीन भाग करतात: ३१५ ते ४०० नॅनोमीटर म्हणजे यूव्ही-ए, २८० ते ३१५ म्हणजे यूव्ही-बी आणि त्याखाली १०० पर्यंत यूव्ही-सी. उघड्यावरच्या वस्तूंना पहिल्या दोन भागांची काळजी. यूव्ही-सी फक्त निर्जंतुकीकरणाच्या दिव्यांजवळ किंवा तशा खास ठिकाणी भेटतो.

हायड्रॉक्सीबेंझोफिनोनचं शोषण साधारण २९० आणि ३२५ नॅनोमीटरला शिखरं गाठतं आणि ३५० च्या पुढे झपाट्याने उतरतं. हायड्रॉक्सीफिनाइल बेंझोट्रायझोलचं दुसरं शिखर ३४० ते ३५० च्या आसपास असतं आणि उतार ३८० च्या पुढेपर्यंत जातो. खालच्या प्लास्टिकला मुख्य त्रास ३०० ते ३३० च्या पट्ट्यात होत असेल तर बेंझोफिनोनवर आधारलेलं रेझिन पुरेसं होतं. ३६० ते ३८० चा भागही अडवायचा असेल तर त्याचं प्रमाण वाढवत बसण्यापेक्षा बेंझोट्रायझोल गट असलेला माल घेतलेला बरा.

लाकूड हे वेगळं प्रकरण आहे. लाकडातलं लिग्निन स्वतःच निसर्गाने बनवलेलं फिनॉलिक बहुवारिक (पॉलिमर) आहे. २८० नॅनोमीटरला त्याचं शिखर असतं आणि शोषणाचं शेपूट थेट दृश्य प्रकाशात शिरतं. त्यामुळे लाकडाचा रंग जांभळ्या दृश्य प्रकाशानेही बदलतो, आणि रंगहीन शोषक कितीही घातला तरी तो भाग निसटतोच. इथे पारदर्शक लोह-ऑक्साइडसारख्या रंगद्रव्याची जोड लागते. ४०० नॅनोमीटरपर्यंत सगळं अडवणारा आणि तरीही पाण्यासारखा स्वच्छ असा दावा दिसला तर सावध व्हा. शोषणाची कड दृश्य प्रकाशाच्या इतकी जवळ आली की थोडी पिवळट झाक येतेच.

जाता जाता, शोषण हा नेहमी गुणच असतो असंही नाही. चिप बनवताना वापरली जाणारी, नोव्होलॅक या फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनवर आधारलेली फोटोरेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवायचे लेप, ३६५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या प्रकाशाला उत्तम चालतात, कारण तिथे नोव्होलॅक बऱ्यापैकी पारदर्शक असतं. उद्योग २४८ नॅनोमीटरच्या लेझरकडे वळला तेव्हा हेच रेझिन इतका प्रकाश खाऊ लागलं की तो थराच्या तळापर्यंत पोचेना, आणि त्याच्या जागी पॉलिहायड्रॉक्सीस्टायरिन आणावं लागलं. ते रेझिनही फिनॉलिकच, फक्त त्या तरंगलांबीला खूपच पारदर्शक.

पायरी ३: सुटा शोषक की बांधलेला?

सुटे शोषक स्वस्त पडतात, सहज विरघळतात आणि वजनामागे जास्त शोषतात. २-हायड्रॉक्सी-४-मेथॉक्सीबेंझोफिनोनचा रेणुभार फक्त २२८ आहे आणि ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. एवढा लहान रेणू भट्टीत तापवलेल्या लेपातून उडून जातो, मऊ प्लास्टिकमधून सरकत पृष्ठभागावर येतो, पाण्याने किंवा तेलाने धुतला जातो. ऑक्टिलॉक्सीची लांब शेपटी जोडलेलं त्याचं भावंड ३२६ रेणुभाराचं, ते जरा अधिक टिकतं, इतकंच. शिवाय बाहेर पडलेला रेणू कुठेतरी जातोच. बेंझोट्रायझोल गटातला यूव्ही-३२८ हा शोषक निसर्गात टिकून राहतो आणि जीवांमध्ये साठत जातो म्हणून २०२३ साली तो स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत घेतला गेला.

शोषक गट रेझिनच्या साखळीत बांधला की हे सरकणं थांबतं. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. साखळीतला शोषक नसलेला भागही वजनात धरला जात असल्याने प्रत्येक ग्रॅममागचं शोषण कमी होतं, रेझिनचा स्वतःचा रंग बहुधा गडद असतो आणि प्रत्येक लेपाशी त्याचं जुळेलच असं नसतं. थर जाड असेल, तापवायचं नसेल आणि वस्तूचं आयुष्य मर्यादित असेल तर सुटा शोषक घ्या, उगाच खर्च करू नका. थर १०-२० मायक्रॉनचा असेल, भट्टीतून जाणार असेल किंवा त्याला द्रावकांचा-तेलांचा संपर्क होणार असेल, तर बांधलेलं रेझिन घ्या. पांढऱ्या किंवा अगदी फिकट लेपात मात्र मी फिनॉलिक रेझिनच्या वाटेला सहसा जात नाही. शोषक गट जोडलेलं अ‍ॅक्रिलिक तिथे बरं पडतं.

असं रेझिन बनतं कसं, हे माहीत असलेलं चांगलं. २,४-डायहायड्रॉक्सीबेंझोफिनोनच्या एका वलयावर दोन हायड्रॉक्सिल असल्याने त्याच वलयाचे ३ आणि ५ क्रमांकाचे कार्बन फॉर्माल्डिहाइडशी अभिक्रिया करतात, आणि मिथिलिनचे पूल पडत साखळी तयार होते. २ क्रमांकाचा हायड्रॉक्सिल कार्बोनिलशी बांधलेलाच राहतो. आम्लाच्या उपस्थितीत आणि फॉर्माल्डिहाइड मोलच्या हिशेबात फिनॉलपेक्षा कमी ठेवून जे बनतं ते नोव्होलॅक. अल्कलीत आणि फॉर्माल्डिहाइड जास्त ठेवून बनतं ते रेझोल. नोव्होलॅक स्वतःहून पक्कं होत नाही, त्याला हेक्सामिनसारखा जोडीदार लागतो. रेझोल तापवलं की आपोआप पक्कं होतं. शोषक रेझिनसाठी आम्लाचा मार्ग सोयीचा, कारण अल्कलीत फिनॉलचे प्रोटॉन सुटतात.

हे वाचून घरी किंवा साध्या प्रयोगशाळेत बनवून बघायचा मोह झाला तर आवरा. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडची अभिक्रिया जोरात उष्णता सोडते. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस शहरातल्या एका रेझिन कारखान्यात कच्चा माल आणि उत्प्रेरक एकदमच भांड्यात भरून वाफेने तापवल्यावर अभिक्रिया हाताबाहेर गेली, स्फोट झाला आणि एक कामगार मरण पावला. फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग घडवतं असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ठरवलं आहे. फिनॉल त्वचेवर पडलं की ती जागा बधिर होते, त्यामुळे भाजल्याचं उशिरा कळतं, आणि तोवर ते शरीरात शोषलं जातं. विकत घेतलेल्या रेझिनमध्येही मोकळं फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड थोडं उरलेलं असू शकतं. सुरक्षा पत्रकात त्याचा आकडा बघा, हातमोजे घाला आणि वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) काम करा.

पायरी ४: स्वतः आलेख काढा

पत्रकावरचा आलेख दुसऱ्याच बॅचचा असतो, म्हणून आलेली प्रत्येक बॅच एकदा तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पहिला प्रश्न द्रावकाचा. अ‍ॅसिटोनमध्ये रेझिन छान विरघळतं, पण अ‍ॅसिटोन स्वतः ३३० नॅनोमीटरच्या खालचं सगळं शोषतं. टोल्युइन २८५ च्या खाली. तेव्हा आलेखासाठी इथेनॉल किंवा टेट्राहायड्रोफ्युरान वापरा, ते २१० च्या आसपासपर्यंत स्वच्छ असतात. नोव्होलॅक प्रकारची रेझिन्स बहुधा इथेनॉलमध्ये विरघळतात. डायमिथिल सल्फॉक्साइडसारखा, हायड्रोजन बंध स्वतःकडे ओढणारा द्रावक टाळा. तो रेणूच्या आतला बंध सोडवतो आणि तुम्हाला दिसतं ते वर्तन लेपातल्या वर्तनाशी जुळत नाही.

दुसरा प्रश्न क्युव्हेटचा, म्हणजे यंत्रात द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्याचा. क्वार्ट्झचीच घ्या. साधी काच आणि प्लास्टिकची क्युव्हेट आपल्याला नेमका जो पट्टा बघायचा आहे तोच अडवतात.

रेझिन ५० मिलिग्रॅम मोजा, १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये विरघळवून खुणेपर्यंत भरा. त्यातलं २ मिलिलिटर पिपेटने घेऊन ५० मिलिलिटर करा. आता द्रावण लिटरला २० मिलिग्रॅमचं झालं. त्याच द्रावकाने शून्य लावून २५० ते ५०० नॅनोमीटर आलेख काढा. शिखराची अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती अडला याचं यंत्राने दिलेलं माप) ०.२ ते १ च्या दरम्यान आली तर आकडा विश्वासाचा. जास्त आली तर आणखी पातळ करा. द्रावण जराही गढूळ असेल तर आधी गाळा. गढूळपणाने विखुरलेला प्रकाश यंत्राला शोषणच वाटतो.

आलेल्या अ‍ॅब्सॉर्बन्सला लिटरमधल्या ग्रॅमने भागा. एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये मिळालेला हा भागाकार म्हणजे तुमच्या रेझिनची ग्रॅममागची शोषणशक्ती. शुद्ध २-हायड्रॉक्सी-४-मेथॉक्सीबेंझोफिनोनसाठी ३२५ नॅनोमीटरला तो ४० च्या जवळपास येतो. बांधलेल्या रेझिनला २० आला तर वजनाचा साधारण निम्मा भाग शोषकाइतकं काम करतो आहे असं समजा. आणि ३०० च्या पुढे काहीच दिसत नसेल तर तुमच्या हातात पहिल्या प्रकारचा, साध्या रेझिनचा डबा आला आहे.

एक छोटी चाचणी आणखी करा. क्युव्हेटमध्ये सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकून पुन्हा आलेख काढा. डायहायड्रॉक्सी प्रकार असेल तर शिखर लांब तरंगलांबीकडे सरकतं आणि द्रावण पिवळं होतं. प्रोटॉन सुटल्यावर काय होतं ते इथे डोळ्यांनी दिसतं. सहाव्या पायरीत हाच पिवळा रंग लेपात दिसला तर त्याचा अर्थ लगेच लागेल.

पायरी ५: प्रमाणाचा हिशेब

इथे नवखे हमखास घसरतात, कारण 'दोन टक्के घाला' असा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. टक्केवारी एकटी काहीच सांगत नाही. बिअर-लँबर्टच्या नियमाप्रमाणे अ‍ॅब्सॉर्बन्स म्हणजे शोषणशक्ती, लिटरमधलं शोषकाचं प्रमाण आणि प्रकाशाने कापलेलं अंतर यांचा गुणाकार. म्हणून लेपाची जाडी तितकीच महत्त्वाची.

उदाहरण घेऊ. वाळलेल्या लेपाची घनता घनसेंटीमीटरला १.१ ग्रॅम धरा, म्हणजे लिटरला ११०० ग्रॅम. दोन टक्के शोषक म्हणजे लिटरला २२ ग्रॅम. शोषणशक्ती ४०. थर २५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.००२५ सेंटीमीटर. गुणाकार येतो २.२. अ‍ॅब्सॉर्बन्स २.२ असताना आरपार जाणारा प्रकाश एक टक्क्याहूनही कमी, ०.६ टक्के. छान. आता तोच लेप १० मायक्रॉनचा दिला तर अ‍ॅब्सॉर्बन्स ०.८८ होते आणि १३ टक्के प्रकाश खाली पोचतो. टक्केवारी तीच, संरक्षण कितीतरी कमी.

डोक्यात ठेवायला सोपं सूत्र असं: टक्के गुणिले मायक्रॉन. शोषणशक्ती ४० असेल तर हा गुणाकार २३ झाला की अ‍ॅब्सॉर्बन्स १ येते, म्हणजे ९० टक्के प्रकाश अडतो. ४६ झाला की २ येते, ९९ टक्के अडतो. शोषणशक्ती २० असलेल्या बांधलेल्या रेझिनला दोन्ही आकडे दुप्पट करा. म्हणजे १० मायक्रॉनच्या थरात ९९ टक्के अडवायचे तर असं रेझिन ९ टक्क्यांच्या वर लागेल. सुटा शोषक एवढ्या प्रमाणात घातला तर तो लेपाला मऊ करेल किंवा बाहेर येईल. बांधलेलं रेझिन मात्र लेपाचाच एक भाग असल्याने हे प्रमाण पेलू शकतं. पातळ थरांसाठी ते घ्यावं असं वर म्हटलं त्यामागे हे गणित आहे.

हा हिशेब शिखरावरचा आहे हे विसरू नका. ३६० नॅनोमीटरला शोषणशक्ती किती ते तुमच्या आलेखावरून वाचा आणि तिथलाही गुणाकार करा. जाडी नेहमी वाळल्यानंतरची धरा. आणि ती सगळीकडे सारखी नसते. कडा आणि कोपरे यांच्यावर लेप हमखास पातळ बसतो, तेव्हा सरासरीऐवजी सर्वांत पातळ जागेचा आकडा घ्या.

पायरी ६: मिसळताना तो बंध सांभाळा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण निवड आणि हिशेब बरोबर असूनही काम बिघडतं ते बहुधा इथे.

लोखंड दूर ठेवा. ऑर्थो हायड्रॉक्सिल आणि कार्बोनिल मिळून धातूच्या आयनाला पकडण्यासाठी जणू चिमटाच तयार असतो. फेरिक लोह मिळालं की तांबडे-तपकिरी ते जांभळट रंगाचे संकुल तयार होतात, आणि प्रोटॉनची जागा धातूने घेतल्यावर ते चक्र बंद पडतं. गंजका डबा, लोखंडी ढवळणी, पाण्यातून आलेला गंज यांपैकी काहीही पुरतं. काच, पॉलिथिलीन किंवा चांगलं स्टेनलेस स्टील वापरा. लेप लवकर वाळावा म्हणून घातलेल्या कोबाल्टसारख्या धातूंच्या क्षारांबाबतही आधी छोट्या प्रमाणात मिसळून रात्रभर ठेवून रंग बघा.

अल्कली आणि अमाइन. चौथ्या पायरीतला तो थेंब आठवा. अमाइनने पक्के होणारे इपॉक्सी, अमोनियाने स्थिर ठेवलेली पाण्यातली इमल्शनं, ताजं सिमेंट या सगळ्यांत प्रोटॉन ओढून घेणारी रसायनं असतात. हेक्सामिननेही सांभाळून वागावं लागतं. नोव्होलॅक पक्कं करताना ते साधारण ८ ते १५ टक्के घालतात, तापल्यावर त्यातून अमोनिया सुटतो आणि नायट्रोजनयुक्त पिवळ्या रचनाही मागे राहतात. रंग महत्त्वाचा असेल तर शोषक नोव्होलॅक हेक्सामिनने पक्कं करण्याऐवजी इपॉक्सी किंवा मेलामाइन रेझिनबरोबर पक्कं करा.

'२,४-डायहायड्रॉक्सी' उत्तम असं सुरुवातीला म्हटलं होतं ते याच संदर्भात. इपॉक्सी आणि आयसोसायनेट दोन्ही फिनॉलच्या हायड्रॉक्सिलशी जोडली जातात. ४ क्रमांकाचा हायड्रॉक्सिल मोकळा असल्याने तो आधी अभिक्रिया करतो, तर २ क्रमांकाचा आतल्या बंधामुळे मागे राहतो. म्हणजे एक हात जोडणीला आणि दुसरा कामाला. पण उत्प्रेरक फार कडक असेल किंवा तापमान गरजेपेक्षा जास्त ठेवलं तर दुसराही जोडला जातो आणि शोषण हातचं जातं. पक्क्या झालेल्या लेपाचा आलेख काढून हे तपासता येतं. क्वार्ट्झच्या पट्टीवर पातळ थर द्या, शोषक नसलेल्या तशाच थराने शून्य लावा आणि शिखर जागेवर आहे का ते बघा. थर पातळ ठेवा, कारण अ‍ॅब्सॉर्बन्स ३ च्या वर गेली की बहुतेक साध्या यंत्रांचा आकडा भरवशाचा राहत नाही.

अतिनील दिव्याने वाळणाऱ्या लेपात शोषक घालणं म्हणजे दिवा लावून त्यासमोर पडदा ओढणं. तरीही ते जमतं. शोषकाच्या उताराच्या पलीकडे, ३८० ते ४०० च्या भागात चालणारे अ‍ॅसिलफॉस्फिन ऑक्साइड गटातले आरंभक आणि ३९५ नॅनोमीटरचा एलईडी दिवा घेतला की प्रकाश तळापर्यंत पोचतो. रेझिनमधले मोकळे फिनॉल गट मूलकांची साखळी थोडी मंदावतात, त्यामुळे वेळ वाढवून द्या.

पायरी ७: वरच्या थराची वेगळी सोय

शोषक खालच्या वस्तूला वाचवतो. लेपाच्या वरच्या पृष्ठभागाला तो वाचवत नाही, कारण तिथे पोचणारा प्रकाश अजून कोणी अडवलेलाच नसतो. वरच्या उदाहरणातल्या २५ मायक्रॉनच्या थरात पहिल्या पाच मायक्रॉनमध्येच ६४ टक्के प्रकाश शोषला जातो. म्हणून चमक जाणं, खडूसारखी भुकटी येणं हे वरून सुरू होतं. तिथे मूलकं पकडणारे हाल्स, म्हणजे अडथळायुक्त अमाइन गटातले स्थिरक, जोडीला घालतात. अडचण अशी की हे साधे अमाइन अल्कधर्मी आणि फिनॉलिक रेझिन आम्लधर्मी. दोघे एकमेकांना निष्प्रभ करू शकतात. अमाइनच्या नायट्रोजनवर अल्कॉक्सी गट असलेले, जवळजवळ अल्कधर्म नसलेले हाल्स मिळतात, तेच घ्या.

काही अ‍ॅरोमॅटिक पॉलिएस्टर ही सोय स्वतःच करतात. उन्हात त्यांच्या पृष्ठभागावरचे फिनॉलचे एस्टर गट फोटो-फ्राइस पुनर्रचनेने बदलून हायड्रॉक्सीबेंझोफिनोन होतात आणि वस्तूवर आपोआप एक शोषक कातडी तयार होते. सुरुवातीला थोडा पिवळेपणा येतो, मग खालचा भाग सुरक्षित राहतो.

पायरी ८: चाचणी

निदान चार पट्ट्या करा: शोषकाशिवाय, सुट्या शोषकाची, बांधलेल्या रेझिनची, आणि बांधलेल्या रेझिनचीच एक जी काळ्या कागदात गुंडाळून बाकीच्यांसोबत त्याच उष्णतेत ठेवायची.

दिव्याची निवड निकाल ठरवते. यूव्हीए-३४० प्रकारचे दिवे २९५ ते ३६५ नॅनोमीटरच्या भागात सूर्यप्रकाशाशी चांगले जुळतात. यूव्हीबी-३१३ दिवे निकाल लवकर देतात, पण त्यांच्या प्रकाशात २९५ च्या खालचा, जमिनीवर नसलेला भाग असतो. फिनॉल वलयं नेमका तोच भाग जोरात शोषतात, त्यामुळे फिनॉलिक मालाला हे दिवे विनाकारण वाईट ठरवतात. दोन मालांची तुलना त्यांच्यावर करून एकाला बाद करू नका. शक्य असेल तर झेनॉन दिवा सर्वांत बरा, कारण दृश्य प्रकाशही त्यात असतो. पद्धतीसाठी फ्लुरोसंट दिव्यांना एएसटीएम जी१५४ आणि झेनॉनला जी१५५ ही मानकं आहेत. त्यातलं प्रकाश-दमटपणाचं कोणतं आवर्तन वापरलं ते नोंदवहीत लिहा, नुसते तास लिहून उपयोग नाही.

ठरावीक तासांनी चमक, रंगातला फरक आणि क्वार्ट्झवरच्या थराची ३२५ आणि ३४० नॅनोमीटरची अ‍ॅब्सॉर्बन्स मोजा. अ‍ॅब्सॉर्बन्स उतरते आहे म्हणजे शोषक संपतो आहे, मग तो प्रकाशाने मोडतोय की बाहेर जातोय हा प्रश्न. त्यासाठी वेगळी पट्टी अंधारात ८० अंशाला काही दिवस ठेवा, पृष्ठभाग हेक्सेनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा मोजा. सुट्या शोषकाचा आकडा इथे घसरलेला दिसेल, बांधलेल्याचा जवळपास जागेवर राहायला हवा. तोही घसरला तर रेझिनमध्ये साखळीला न जोडलेला शोषक उरला आहे. पुरवठादाराला त्याचं प्रमाण विचारा.

काळ्या कागदातली पट्टी शेवटी उघडा. ती पिवळी पडली असेल तर दिव्याला दोष देऊ नका आणि शोषक वाढवूही नका. तो रंग उष्णतेतून, अमाइनमधून किंवा धातूतून आलेला आहे, आणि त्याचा शोध सहाव्या पायरीपासून पुन्हा घ्यावा लागेल.